अनुभव : निरंक?

गळीत हंगाम जवळ आला की आमच्या ओसरीवर दोन तऱ्हेची माणसे येतात. एक, ऊस नोंदीची तारीख बरोबर लागली आहे ना हे कागद दाखवून विचारणारी. आणि दुसरी, पोराच्या नोकरीचा अर्ज लिहून मागणारी. मी पस्तीस वर्षे हायस्कुलात मास्तरकी केली आणि घरचा चार एकर ऊस आपल्या कारखान्याला घालत आलो, तेव्हा ही दोन्ही कामे माझ्या दारात येणे साहजिक आहे.

पहिल्या कामात आपला माणूस मोठा चोख. गट नंबर, क्षेत्र, लागणीची तारीख, जात को ८६०३२ की दुसरी कोणती, आडसाली की पूर्वहंगामी, लागण की खोडवा, सारे तोंडपाठ. एक दिवस मागेपुढे लिहिला तर चिटबॉयशी भांडायला उठतो. पण तोच माणूस दुसऱ्या कामाला बसला की म्हणतो, "लिवा की गुरुजी तुमच्या मनानं. गरिबाचं पोरगं हाय, परिस्थिती बेताची हाय, असं कायतरी."

आता मला सांगा, शेतकी ऑफिसात जाऊन 'माझा ऊस गरीब आहे, त्याची परिस्थिती हलाखीची आहे, तरी कृपावंत होऊन तोड द्यावी' असे कोणी लिहून देतो का? नाही. तिथे आपण क्षेत्र सांगतो, जात सांगतो, तारीख सांगतो. मग उसाची जेवढी नोंद आपण नीट करतो तेवढी पोटच्या पोराची का करत नाही, असा माझा आजचा प्रश्न आहे.

खोटे कशाला सांगू, यात पहिला दोषी मीच. 'मी एका गरीब शेतकरी कुटुंबातील असून...' या सुरुवातीचे शेकडो अर्ज माझ्या हातून गेले असतील. पुढे जमाना बदलला. फूलस्केप कागद गेला, अर्जाचा बायोडाटा झाला आणि बायोडाटाचा रेझ्युमे झाला. आता तो तालुक्याच्या गावी झेरॉक्सच्या दुकानात संगणकावर तयार मिळतो आणि मोबाइलवरून पुढे जातो. दुकानदाराकडे एक नमुना असतो. त्यात नाव बदलायचे, गाव बदलायचे, की झाले काम. सगळी पोरे मेहनती, सगळी प्रामाणिक, सगळ्यांचा छंद वाचन आणि क्रिकेट. आणि अनुभवाच्या रकान्यात एकच शब्द. इंग्रजी कागदावर त्याला 'फ्रेशर' म्हणतात, आपल्या कचेरीच्या मराठीत 'निरंक'.

या 'निरंक'ने माझ्या घरात काय केले ते सांगतो.

माझ्या थोरल्या भावाचा मुलगा आय.टी.आय. झालेला, ट्रेड फिटर. पास झाल्यावर तीन वर्षे घरीच होता. २०१९ साली पुण्याकडच्या एका कारखान्यात जागा निघाल्या. झेरॉक्सवाल्याने बायोडाटा केला आणि वर म्हणाला, "ऑटोकॅड टाकू का? आणि दोन वर्षांचा अनुभव? सगळेच टाकतात." पोरगा माझ्याकडे विचारायला आला. मी मास्तर माणूस. नको म्हणायला पाहिजे होते. पण मीही म्हणालो, "टाक की, कोण बघतंय."

बघितले. मुलाखतीला साहेबाने संगणक पुढे सरकवला आणि साधे एक चित्र काढायला सांगितले. "तात्या, माऊस कुठं न्यायचा तेच मला कळंना हो," हे त्याने मला पुढे आठ दिवसांनी सांगितले. साहेब भला माणूस होता. रागावला नाही. त्याने विचारले, "मग गेली तीन वर्षे घरी काय करतोस?" आणि आमचे पोरगे म्हणाले, "काही नाही साहेब, शेती."

बंधूंनो, ज्या पोराने 'काही नाही' असे उत्तर दिले, ते त्या तीन वर्षांत आमच्या गावच्या उपसा योजनेच्या दोन मोटारी सांभाळत होते. साठ-साठ अश्वशक्तीच्या. रात्री दोनला लाईट आली तरी नदीवर जाऊन फूट व्हॉल्व्ह बघायचा, ग्लँडचे पॅकिंग बदलायचे, स्टार्टरचे कॉन्टॅक्ट घासायचे, कपलिंग हलले असेल तर सरळ करून घ्यायचे. पाणीपाळीची वही त्याच्याच हातची. कारखान्यातल्या मेंटेनन्स खात्याला जो माणूस पाहिजे होता तो समोर बसला होता. पण त्याच्या कागदावर होते न येणारे ऑटोकॅड, आणि येणारा पंप कुठेच नव्हता.

तो घरी आला आणि दोन दिवस कोणाशी बोलला नाही. त्याची आई मला म्हणाली, "भावजी, पोरगं खोटं बोललं म्हणून पडलं काय हो?" मी म्हणालो, हो. पण आज विचार करताना वाटते, त्याचे दुसरे वाक्य पहिल्या खोट्यापेक्षा मोठे खोटे होते. 'काही नाही, शेती.' हे वाक्य त्याला झेरॉक्सवाल्याने शिकवले नव्हते. ते आपण शिकवले. शिकलास तर साहेब होशील, नाही शिकलास तर शेतात मरशील, हे आपण पोराला पाळण्यात असल्यापासून ऐकवतो. मग शेतात, पंपावर, डेअरीत, ट्रॅक्टरवर केलेले काम त्याने काम म्हणून लिहावे तरी कोणत्या तोंडाने? ज्या घरात बाप स्वतःच्या कामाला काम समजत नाही, त्या घरातल्या पोराचा अनुभव निरंकच राहणार.

१९५०-५१ च्या हंगामात विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना सुरू झाला, तेव्हा शेतकऱ्याला कारखाना चालवण्याचा अनुभव किती होता? रकान्यात लिहायचे तर निरंक! पण त्याला ऊस ठाऊक होता, पाणी ठाऊक होते, सोसायटीचा हिशेब ठाऊक होता. त्या ठाऊक असलेल्या गोष्टींची किंमत कोणीतरी केली म्हणून पुढचे सारे उभे राहिले.

तेव्हा पोराचा कागद कसा लिहावा, याबद्दल माझे मत मांडतो. मी काही यातला तज्ज्ञ नव्हे. पण त्या फजितीनंतर या कामात लक्ष घातले आणि दहा-वीस पोरांचे कागद नव्याने लिहून पाहिले.

पहिली गोष्ट, कागद ऊस नोंदीसारखा असावा. काय केले, कुठे केले, कधीपासून कधीपर्यंत, किती आणि कशावर. विशेषणे नकोत. 'मी फार मेहनती आहे' याने साहेबाला काही कळत नाही. आमच्या पुतण्याचा कागद आम्ही असा केला :

'पंपचालक, गावची उपसा जलसिंचन योजना, २०१६ ते २०१९. ६० अश्वशक्तीच्या दोन मोटारी चालवणे व देखभाल. ग्लँड पॅकिंग, फूट व्हॉल्व्ह व बेअरिंग बदलणे, स्टार्टरची किरकोळ दुरुस्ती. पाणीपाळी व वीज मीटरची रोजची नोंद.'

चार ओळी. यात एक शब्द खोटा नाही आणि एक शब्द जास्त नाही.

दुसरी गोष्ट, येत नाही ते लिहू नये आणि येते ते सोडू नये. ज्या ओळीवर पाच मिनिटे बोलता येत नाही ती ओळ कागदावरून काढून टाकावी. मग भले कागद अर्धाच भरला तरी चालेल. आपल्याला ठाऊक आहे, गाडीत वाढे, पाचट आणि माती घालून काट्यावर वजन भरते, पण साखर त्यातून निघत नाही. उतारा अकरा टक्के असेल तर टनाला एकशे दहा किलो साखर. पाचटाने त्यात एक किलोची भर पडत नाही. साहेबही शेवटी उताराच बघतो. नव्या पोराला एक पान पुष्कळ झाले.

तिसरी गोष्ट, क्रम. सर्वांत अलीकडचे काम आणि शिक्षण आधी, जुने मागाहून. पुष्कळ पोरे पहिलीपासून सुरुवात करतात आणि आय.टी.आय. दुसऱ्या पानाच्या तळाला जाते. तोवर साहेबाचा हात दुसऱ्या कागदावर गेलेला असतो.

चौथी गोष्ट, जाहिरात नीट वाचावी. मोठ्या कंपन्यांत आता कागद आधी संगणक चाळतो आणि जाहिरातीतले शब्द त्यात आहेत का ते शोधतो. जाहिरातीत 'मेंटेनन्स फिटर' असेल आणि आपण ते काम खरोखर केले असेल, तर तोच शब्द वापरावा. एकच कागद साऱ्या गावाला वाटायचा नसतो. प्रत्येक जागेसाठी तो थोडा फिरवून लिहावा लागतो. जमीन बघून बेणे निवडायचे, हे आपल्याला कोणी नव्याने शिकवायला नको.

पाचवी गोष्ट, काय नसावे. जात, धर्म, उंची, वर्ण, मामाचे गाव ही लग्नाच्या बायोडाटाची माहिती. खाजगी नोकरीच्या कागदावर तिचे काम नाही. सरकारी भरतीची गोष्ट वेगळी, तिथे त्यांचा ठरलेला फॉर्म असतो आणि त्यात विचारतील ते भरावे. आधार नंबर, बँकेचे खाते बायोडाटावर कधीही घालू नये. तो कागद किती हातांत फिरेल याचा नेम नसतो. आणि मुलाखतीसाठी कोणी आधी पैसे भरायला सांगितले तर तो नोकरी देणारा नव्हे, फसवणारा आहे असे समजून फोन ठेवावा. उलट जे हवेच ते बरेचदा चुकते : चालू असलेला फोन नंबर. आमची पोरे दर सहा महिन्यांनी सिम बदलतात आणि मग बोलावणे आले नाही म्हणून नशिबाला बोल लावतात.

वाचनात आलेली एक गोष्ट सांगतो. इटलीतला लिओनार्दो दा विंची आपल्याला मोनालिसाच्या चित्रामुळे ठाऊक आहे. हा माणूस तिशीच्या आसपास असताना, १४८२ च्या सुमारास, काम मागण्यासाठी मिलानच्या सत्ताधीशाला उद्देशून एक पत्र तयार झाले होते. त्याचा मसुदा आजही जपून ठेवलेला आहे. त्यात तो मला काय काय करता येते ते कलमवार सांगतो. हलके आणि सहज नेता येणारे पूल, खंदकातले पाणी काढण्याची युक्ती, तोफा. शांततेच्या काळात इमारती बांधीन, पाणी एका जागेहून दुसऱ्या जागी नेईन, असेही म्हणतो. चित्रकला अगदी शेवटी. कारण समोरच्याला त्या वेळी लढाईची सामग्री पाहिजे होती. एवढा मोठा कलावंत, पण पाणी नेण्याचे काम कागदावर लिहायला त्याला कमीपणा वाटला नाही. आणि आमच्या पोराला मात्र उपसा योजनेचा पंप लिहायची लाज!

मुलींच्या बाबतीत तर हा 'निरंक' जास्तच पक्का बसला आहे. शेजारच्या वाडीतली एक सून माझ्याकडे आली. बी.कॉम. झालेली. "गुरुजी, लग्नानंतर सहा वर्षे काहीच केले नाही," म्हणाली. विचारत गेलो तेव्हा कळले, की सासऱ्याच्या नावावर असलेले दूध संकलन केंद्र हीच चालवते. सकाळ-संध्याकाळ शंभरावर उत्पादकांचे माप, फॅट आणि एस.एन.एफ.ची नोंद, दर दहा दिवसांनी बिले, आणि वर बचत गटाचे दप्तर. बिलात दहा पैशांची चूक झाली तर दारात भांडण येते, म्हणून एकही चूक नाही. याला हिशेबनीस म्हणायचे नाही तर कोणाला म्हणायचे? तिचा कागद लिहून वाचून दाखवला, तर ती कागदाकडे बघतच राहिली. "हे मी केलंय होय?" एवढेच म्हणाली. तिला नोकरी लागेल न लागेल, पण त्या दिवशी ती आली त्यापेक्षा ताठ चालत गेली, हे मी पाहिले.

आता काही सभासद म्हणतील, गुरुजी, हे सगळे पुस्तकी झाले. जागा कुठे आहेत? आणि असल्या तरी चिठ्ठीशिवाय कोण विचारतो?

जागा कमी आहेत हे खरेच आहे. बायोडाटाने जागा निर्माण होत नाही. जशी नोंद केली म्हणून ऊस उगवत नाही. पण ऊस उभा असून नोंदच नसेल तर तो कोणाच्या लेखी नसतो, हेही तितकेच खरे. चिठ्ठीबद्दल म्हणाल, तर ती आपल्या तालुक्याच्या शिवेपर्यंत चालते. तिथून पुढे चाकण, रांजणगाव, वाळूजच्या फाटकावर आपल्या साहेबांना कोण ओळखतो? शिवाय चिठ्ठीने आत गेलेले पोर आयुष्यभर चिठ्ठीचेच राहते. काम येत असूनही चार लोक म्हणतात, हा अमक्याचा माणूस. पोराच्या हुशारीचे श्रेय आपणच दुसऱ्याला लिहून देतो. ओळख द्यायचीच असेल तर ज्याने पोराचे काम पाहिले आहे त्याची द्यावी, त्याला आधी विचारून. उपसा योजनेच्या सेक्रेटरीचे नाव तिथे पुढाऱ्याच्या नावापेक्षा जड पडते.

आमच्या पुतण्याचे विचाराल, तर तो नवा कागद नऊ ठिकाणी गेला. तीन ठिकाणचे बोलावणे आले. दोन ठिकाणी झाले नाही. मधे टाळेबंदीचे वर्ष गेले. २०२१ साली तिसऱ्या ठिकाणी हेल्पर म्हणून लागला आणि आज तिथले पंप हाऊस त्याच्याकडे आहे. मोठा साहेब वगैरे काही झालेला नाही. पण मुलाखतीत पंपाबद्दल विचारले तेव्हा अर्धा तास बोलत होता, असे त्याने आल्या आल्या सांगितले. या वेळी आठ दिवस थांबला नाही.

शेवटी संचालक मंडळाला एक नम्र पण स्पष्ट विनंती करतो. उपदेश पोरांना केला, तेव्हा घरच्या कर्त्यालाही चार शब्द सांगितले पाहिजेत. आपल्या कारखान्यात हंगामी आणि कंत्राटी म्हणून सभासदांचीच पोरे राबतात. कोणी सेंट्रीफ्युगलवर, कोणी बॉयलरच्या बगॅस कॅरिअरवर, कोणी काट्यावर. सहा-सहा हंगाम काढलेली पोरे मला ठाऊक आहेत. शिकाऊ उमेदवाराला निदान १९६१ च्या कायद्याखाली प्रशिक्षणाची नोंद आणि परीक्षा पास झाल्यावर प्रमाणपत्र मिळते. या पोरांना हंगाम संपला की मिळतो तो पगार आणि 'पुढच्या वर्षी बघू' हा शब्द. सहा हंगामांचा कागद शून्य. ज्या कारखान्याचे आपण मालक आहोत, तोच आपल्या पोरांच्या रकान्यात निरंक लिहितो, याला काय म्हणावे?

म्हणून मागणी साधी आहे. हंगाम संपताना अशा प्रत्येक कामगाराला अनुभवाचा दाखला द्यावा. त्यात खाते, यंत्र, कामाचे स्वरूप आणि कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत काम केले एवढे असावे, खाली खातेप्रमुखाची सही आणि कारखान्याचा शिक्का. 'चालचलणूक समाधानकारक' एवढ्या एका ओळीवर बोळवण करू नये. आणि वर्षातून एकदा, तोडी सुरू होण्याआधी, प्रत्येक गट ऑफिसात एक दिवस ठेवावा. टाइम ऑफिसातला एखादा जाणता माणूस आणि इंजिनिअरिंग खात्यातला एकजण बसवावा, आणि सभासदांच्या मुला-मुलींचे कागद समोर बसून तपासून द्यावेत. याला फार खर्च नाही. चहा मी पाजतो.

आणि सभासद बंधू-भगिनींनो, तुम्हालाही एक काम. आज रात्री जेवताना पोराला विचारा, "बाबा, गेल्या वर्षभरात तू काय काय केलंस?" तो म्हणेल, काही नाही. तिथे थांबू नका. पंप कोणी चालवला, ठिबकची लाईन कोणी जोडली, ट्रॅक्टर कोणी खोलला, आजीची पेन्शन मोबाइलवर कोणी बघितली, असे एकेक विचारत जा आणि वहीत लिहीत जा. ऊस नोंदीची जी वही असते, तिचेच मागचे पान चालेल. पान भरले की घेऊन या. ओसरी उघडीच असते.

— एक ऊस उत्पादक सभासद, निवृत्त शिक्षक